तांबडा दिवा आणि ‘उचला की ओ’

जुन्या ऑफिस फोनवरच्या ‘मेसेज’ बटणाबद्दल लोकांची एक पक्की समजूत असते, की निरोप त्या बटणातच साठलेले आहेत. म्हणून दाबल्यावर काही ऐकू आलं नाही की ते आणखी जोरात दाबतात. आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या ऑफिसात तर ते दाबून दाबून चपटं झालंय. खाली पारदर्शक पट्टीत कुणीतरी बॉलपेननं ‘मेसेज’ लिहून ठेवलंय, वर तांबडा दिवा. दिवा कायम पेटलेला आणि बटण दाबलं की एंगेज टोन.

इंटरकॉम दुरुस्त करणारा आला, त्यानं बटणाला हातही लावला नाही. व्हॉइसमेलचा, म्हणजे निरोप साठवणाऱ्या यंत्राचा, एक्स्टेन्शन नंबर बोटानं फिरवला. लगेच बाईचा आवाज आला, पासवर्ड विचारणारा. तो म्हणाला, “बटण चांगलं हाय ओ. ते जातंय त्याच घरला, घरवालेच हलल्यात.”

निदान एवढंच. ते बटण म्हणजे आत ठेवलेला एक नंबर. दाबलं की यंत्र तो लावतं, बास. मधे कधीतरी ऑफिसातले फोन एकमेकांना जोडणाऱ्या एक्स्चेंजच्या कार्डावरची नाण्याएवढी बॅटरी संपली, त्यात वीज गेली आणि एक्स्चेंज सगळं विसरलं. कुणीतरी नव्यानं नंबर भरले, व्हॉइसमेलला दुसरा दिला; बटणांना कळवायचं राहिलं.

दिव्याची भानगड वेगळी. दिवा निरोप मोजत नाही. व्हॉइसमेल एक्स्चेंजला सांगतं ‘लाव’, आणि निरोप ऐकून झाल्यावर सांगतं ‘विझव’. हे ‘विझव’ सांगायच्या नेमक्या वेळी लाईट गेली, तर दिवा जळतच राहतो. यावर उपाय गमतीचा आहे: दुसऱ्या फोनवरून स्वतःलाच एक निरोप ठेवायचा, तो ऐकायचा आणि पुसायचा. मग ‘विझव’ पुन्हा जातं. एरवी माणूस स्वतःशी इतकं औपचारिक बोलत नाही.

अकाउंट्समधल्या साध्या फोनचं दुखणं मला सगळ्यात आवडलं. त्यावरून नंबर लागायचा, पण व्हॉइसमेल पासवर्ड घ्यायचं नाही. फोनच्या पोटाखाली ‘टी’ (टोन, म्हणजे सूर) आणि ‘पी’ (पल्स, म्हणजे ठोके) लिहिलेला बारीक खटका असतो, तो ‘पी’वर होता. म्हणजे बटण दाबलं की नुसते ठोके जायचे. एक्स्चेंजला ठोके कळतात, व्हॉइसमेलला कळतो फक्त सूर. टोनच्या फोनवर प्रत्येक बटण दोन सूर एकदम वाजवतं. ५ दाबलं तर ७७० आणि १३३६ हर्ट्झ. हे फोन अमेरिकेत १९६३ साली आले, तेव्हा त्यांच्यावर स्टार आणि हॅश नव्हते, ती बटणं मागाहून आली. आता खटका सरकवला आणि अकाउंट्सला व्हॉइसमेलचे कान मिळाले.

पण आपल्याकडे हे ऐकायचं कुणाला? व्हॉइसमेलचं पेटंट १९८३ साली गॉर्डन मॅथ्यूज या अमेरिकी माणसाला मिळालं. बीप वाजल्यावर शांतपणे नाव, काम, नंबर सांगून ठेवून देणारा माणूस त्याच्या डोळ्यांसमोर असणार. कोल्हापूरच्या माणसाला पलीकडून ‘हं, बोला’ ऐकू आल्याशिवाय पुढचा शब्द सुचत नाही. त्यापेक्षा तो मिस्ड कॉल देईल.

व्हॉइसमेलची निरोपांची पेटी उघडली तेव्हा याचा पुरावाच मिळाला. बहुतेक निरोप ‘हॅलो... हॅलो...’ एवढेच. एकात “आवाज येत न्हाई काय ओ?” एकात मागं ग्राइंडर चाललेला आणि कुणीतरी शेजारच्याला सांगतंय, “बाई हाय, बोलतीया, पन ऐकून घेत न्हाई.” एक नुसतंच, चिडून, “उचला की ओ!” दुरुस्ती करणारा हसून हसून स्टुलावर बसला.

खरा निरोप एकच निघाला, गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीवाल्याचा. कास्टिंग तयार आहे, टेम्पो पाठवा. हा गृहस्थ निरोप ठेवून थोड्याच वेळात स्वतः मोटरसायकलवरून आला होता, हे आमच्या स्टोअरवाल्यांना चांगलं आठवत होतं. त्यानं चहा घेत हेच सगळं पुन्हा सांगितलं होतं आणि जाताना टेम्पो बरोबर घेऊनच गेला होता.