तुम्ही विचारलंत म्हणून: विरोध असताना महापौरांनी काम कसं करावं?

बेळगावात महापौर बदलले की कोणी ना कोणी हा प्रश्न मला विचारतंच. कधी नवे नगरसेवक, कधी गल्लीच्या पंचमंडळातले लोक. परवा पहिल्यांदाच निवडून आलेल्या एका ताईंनी विचारलं, "समोरचा गट बोलू देत नाही, अधिकारी बेंगळुरूकडे बोट दाखवतात. अशात महापौरांनी करायचं तरी काय?" महापालिकेची बातमीदारी करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून मला विचारतात. तर ताई, जरा सविस्तरच सांगतो.

आधी आपल्या हातात काय आहे ते बघा. 1976 च्या कर्नाटक महापालिका कायद्याने महापौरपद एका वर्षाचं ठेवलं, तेही आरक्षणाच्या फेऱ्याने येणारं. टेंडर, बिलं, कर्मचारी हे सगळं आयुक्तांकडे आणि आयुक्त नेमणार सरकार. विजेचे खांब हेस्कॉम या वीज कंपनीचे, नव्या वसाहतींचे आराखडे बुडा म्हणजे नगरविकास प्राधिकरणाकडे, कॅम्प भाग कॅन्टोन्मेंट बोर्डाचा, स्मार्ट सिटीची तर कंपनीच वेगळी. गल्लीतली बाई नळाला पाणी आलं नाही म्हणून येते ती मात्र तुमच्याच दारात. तिला कायदा समजावत बसू नका.

मग उरतं काय? सभेची खुर्ची, विषयपत्रिका आणि इतिवृत्त. इतकी वर्षं पत्रकारांच्या बाकावर बसून माझं मत झालंय की एवढ्यावर शहराचं बरंच काम होतं, फक्त विरोधकांना सोबत घ्यावं लागतं. सत्ताधारी गटाने गोंधळात आवाजी मताने केलेला ठराव अधिकाऱ्याच्या टेबलावर पडून राहतो. कारण त्याला आयतं उत्तर मिळतं: "विषय वादात आहे." तोच ठराव एका गटाने सूचक म्हणून आणि दुसऱ्या गटाने अनुमोदक म्हणून मांडला, तर ते उत्तर देता येत नाही. म्हणून मी सांगतो, विरोधी गटाची सही तुमच्या स्वतःच्या सहीपेक्षा जास्त कामाची आहे.

2021 पर्यंत इथली विभागणी भाषेवर होती: एकीकडे मराठी गट, दुसरीकडे कन्नड-उर्दू गट. त्या वर्षी पहिल्यांदा पक्षाच्या चिन्हांवर निवडणूक झाली आणि 58 पैकी 35 जागा भाजपला मिळाल्या. तरी महापौर निवडायला फेब्रुवारी 2023 उजाडलं. जवळजवळ दीड वर्ष लोकांनी निवडून दिलेले नगरसेवक होते, पण सभागृह नव्हतं. त्यानंतर थोड्याच महिन्यांत राज्यात काँग्रेसचं सरकार आलं. म्हणजे आता विरोध समोरच्या बाकावरून येतो तसा वरूनही येतो. अशा वेळी तुमच्या सभागृहातला विरोधी गटनेता बेंगळुरूत तुमच्यापेक्षा जास्त दारं उघडू शकतो. त्याला घेऊन जा. फोटोत त्याला मधे उभं करा. तुमचं काही कमी होत नाही.

बळ्ळारी नाल्याचं उदाहरण घ्या. येळ्ळूर-अनगोळकडून येणारा हा नाला वडगाव-शहापूरच्या शिवारातून पुढे मार्कंडेय नदीला मिळतो. गाळ आणि जलपर्णी तशीच राहिली की पहिल्या मोठ्या पावसात पाणी भातात शिरतं. बेळगावची बासमती म्हणतात ती याच शिवारातली. रोप लावलेलं शेत आठवडाभर पाण्याखाली राहिलं की कुजतं, मग दुबार लावणी. शेतकरी दरवर्षी निवेदन देतात. महापालिका म्हणते हद्दीबाहेरचं आमचं नाही, दुसरं खातं म्हणतं सांडपाणी तुमचं. 2019 च्या ऑगस्टमध्ये तर शहरातल्या घरांतही पाणी शिरलं.

महापौरांनी इथे काय करावं? मे महिन्यात बांधावरून चालत जावं. सोबत त्या वॉर्डाचा नगरसेवक असावा, तो विरोधी असेल तर आवर्जून. दोन्ही खात्यांचे अभियंते हवेत आणि दोन-चार शेतकरी. कोणत्या मोरीपाशी पाणी तुंबतं हे शेतकरी बोट दाखवून सांगतात, त्यांना नकाशा लागत नाही. तिथेच पंचनाम्यासारखा कागद करा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. पुढच्या सभेत हा विषय त्या विरोधी नगरसेवकाच्या नावाने येऊ द्या. काम झालं तर श्रेय त्याला जाईल, हे खरं. पण भात वाचेल.

ठराव लिहून घेण्याकडे तर फारच थोडे महापौर लक्ष देतात, आणि इथेच सगळं अडतं. "नाल्याच्या सफाईबाबत योग्य ती कार्यवाही करावी" असा ठराव म्हणजे काहीच न करण्याची परवानगी. त्याऐवजी लिहून घ्या: "अमुक मोरीपासून तमुक पुलापर्यंतचा गाळ 31 मेपूर्वी काढावा, आणि कार्यकारी अभियंत्यांनी फोटोंसह अहवाल जूनच्या सभेत ठेवावा." जागा, तारीख, जबाबदार माणूस. सभा संपली की घरी जाऊ नका. कौन्सिल विभागात बसून मसुदा वाचा, विरोधी गटनेत्यालाही वाचायला द्या. 2023 मध्ये घरपट्टीवाढीचा ठराव नेमका कोणत्या वर्षापासूनचा यावरून केवढं रण माजलं, ते तुम्ही पाहिलंच आहे. एका आकड्याने अख्खं सभागृह अडचणीत येतं.

आणि हे वाचायचं तर कन्नड यायला हवं. मराठी माणूस म्हणून मी हे मनापासून सांगतो. विषयपत्रिका आणि कागदपत्रं मराठीतूनही मिळावीत ही मागणी रास्त आहे. जिथे भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांहून जास्त आहेत, तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे केंद्र आणि राज्यांनी फार पूर्वी मान्य केलंय. ती मागणी लेखी करा, दर सभेत नोंदवा, भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांपर्यंत न्या. पण मराठी प्रत मिळेपर्यंत कन्नड फाईल न वाचता सही करू नका. आपल्याला न कळलेल्या कागदावर आपली सही असणं, यापेक्षा मोठा अपमान नाही. वडगावातल्या विणकराच्या घरात दोन्ही भाषा बोलल्या जातात, तिथल्या कोणा मुलीला दुपारी तासभर बोलवा आणि शिका.

सीमाप्रश्नाचं काय, असंही ताईंनी हळूच विचारलं. 2005 मध्ये सभागृहाने महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला, बेंगळुरूत महापौरांच्या तोंडाला काळं फासलं गेलं आणि महापालिका बरखास्त झाली. 2011 मध्ये महापौर-उपमहापौर 1 नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, सीमाभागातले मराठी लोक पाळतात त्या काळ्या दिनाच्या फेरीत गेले, आणि वर्षअखेरीस पुन्हा बरखास्ती. ज्यांनी ते सोसलं त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे आणि तो राहील. महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. पण प्रशासक आला की गल्लीतल्या माणसाला दाद मागायला दार उरत नाही, हेही मी दोन्ही वेळा पाहिलंय. म्हणून जे करायचं ते किंमत माहीत असताना करा, आणि आधी आपल्या नगरसेवकांना विश्वासात घ्या. घोषणेच्या भरात करू नका.

एक गोष्ट ताईंना स्पष्टच सांगितली, इथेही सांगतो. महापौरांच्या दालनात यजमानांनी बसू नये. पद महिलेसाठी राखीव असलं की पती किंवा दीर टेबलाशी बसतो आणि अधिकारी त्यालाच "साहेब" म्हणू लागतात. विरोधकांना याहून सोपं हत्यार कोणतं? आणि अधिकारीही मग तुमचा शब्द गंभीरपणे घेत नाहीत. गाळा, कंत्राट, पार्किंगचा ठेका यांत नातेवाइकांचं नाव नको, हे वेगळं सांगायला नको.

चार स्थायी समित्यांपैकी लेखा समिती विरोधकांकडे द्यावी, असं माझं मत आहे. तुमचे गटनेते ऐकणार नाहीत. तरी मांडून बघा. हिशेब समोरच्याने तपासला की तुमच्या कामावर कोणी सहज शिंतोडे उडवू शकत नाही.

सभेत कोणी टेबलावर चढला, कागद फाडले, तर लगेच सभा तहकूब करू नका. तहकूब सभा ही अधिकाऱ्यांना मिळालेली सुट्टी असते. दहा मिनिटं थांबा, दोन्ही गटनेत्यांना दालनात बोलवा, चहा पाजा आणि विचारा की आजच्या विषयांतले कोणते विषय वादाचे नाहीत. निम्म्याहून जास्त निघतात: गटारं, पथदिवे, कूपनलिका, पौरकार्मिकांचा म्हणजे सफाई कामगारांचा पगार. ते आधी घ्या. भांडण शेवटच्या तासाला ठेवा. तोवर कंठशोष करणाऱ्यांच्याही वॉर्डातलं काही ना काही मंजूर झालेलं असतं.

वर्ष संपत आलं की, अकराव्या महिन्यात, एक यादी तयार करा: कोणता ठराव कोणत्या टेबलावर अडलाय आणि कोणाकडे पाठपुरावा करायचा. पुढचे महापौर तुमच्या गटाचे असोत वा समोरच्या, ती यादी स्वतः त्यांच्या हातात द्या आणि एक प्रत पत्रकारांनाही द्या. ताईंनी ती करायला घेतली आहे, अजून महापौर झालेल्या नसताना.