ऑक्टाव्हिया आरएस दाखवण्याआधीचे चार दिवस

बुधवार, रात्री

जाहिरात टाकली आहे. २०१८ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, पुणे पासिंग. फोनवर किमतीच्या आधी एकच प्रश्न येतो: चालवून बघायला मिळेल ना? प्रश्न रास्त आहे. ही गाडी नुसती बघून कुणी घेऊ नये. २ लिटर टर्बो पेट्रोल, २३० पीएस, ३५० न्यूटन मीटर टॉर्क, आणि तो सगळा पुढच्या दोन चाकांवर. गाडी स्टिअरिंगला कशी धरते, ६ गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) ट्रॅफिकमध्ये अडखळतो का, हे हातापायांनाच कळतं.

पण ती चालवून बघायची फेरी चालू असताना गाडी माझ्या नावावर असते आणि पाय दुसऱ्याचा असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितलं आहे की गाडी हातोहात कितीही जणांकडे गेली, तरी आरसीवर ज्याचं नाव तोच कायद्याच्या दृष्टीने मालक. विकून ताबा दिलेल्या गाडीला हा नियम, मग अर्ध्या तासाच्या फेरीला तर आहेच. म्हणून फेरी द्यायची, मनापासून द्यायची, पण तयारी करून.

पहिली चाळणी फोनवरच. सध्या कोणती गाडी चालवता? ऑटोमॅटिकची सवय आहे का? पैसे रोख खात्यातून की कर्ज, आणि कर्ज असेल तर बँकेशी बोलणं झालंय का? यात उलटतपासणीचा सूर नको, सहज विचारायचं. ज्याला खरंच घ्यायची आहे तो उलट मलाच विचारतो: डीएसजीचं तेल कधी बदललं? (या वेट क्लच, म्हणजे तेलात बुडालेल्या क्लचच्या, गिअरबॉक्सला ते दर ६०,००० किमीला लागतं.) थर्मोस्टॅट हाउसिंगमधून कूलंट गळतोय का? टायर कोणत्या वर्षाचे? असा माणूस आला की बरं वाटतं. जो फक्त ‘किती पळते’ एवढंच विचारतो त्याला लगेच नाही म्हणायचं नाही, पण आधी व्हिडिओ कॉल. पंधरा मिनिटं गाडी फिरून दाखवायची: चारही टायर, बॉनेटखाली, सर्व्हिसची बिलं, गार इंजिन चालू करतानाचा आवाज. फुकट चक्कर हवी असलेले बहुतेक इथेच गळतात. कॉलच्या शेवटी किमतीचा अंदाज दोन्ही बाजूंनी बोलून घ्यायचा. आकड्यात दोन लाखांचं अंतर असेल तर फेरीने ते भरून निघत नाही.

गुरुवार

आज कागद. लायसन्सचा फोटो आदल्या दिवशीच मागवायचा आणि परिवहनच्या संकेतस्थळावर नंबर व जन्मतारीख टाकून तपासायचा. एलएमव्ही (हलकी मोटार गाडी) वर्ग आहे का, मुदत संपली नाही ना, एवढंच बघायचं. भेटीच्या वेळी मूळ कार्ड किंवा डिजिलॉकर. लर्निंगवाल्याला या गाडीचं चाक द्यायचं नाही. लायसन्स नसलेल्याला गाडी चालवू दिली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८०खाली मालकालाच ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. आणि विम्याचा दावा अडकतो तो वेगळाच. व्यवहार झाला नाही तर तो फोटो मोबाइलमधून काढून टाकायचा आणि तसं त्यांना कळवायचं. दुसऱ्याचं ओळखपत्र आपल्याकडे पडून राहू नये.

विम्याची पॉलिसी पुन्हा नीट वाचली. खासगी गाडीच्या पॉलिसीत मालकाच्या परवानगीने, वैध लायसन्स असलेला कुणीही चालवू शकतो. इथपर्यंत ठीक. पण ‘वापराच्या मर्यादा’ या भागात जे वगळलेलं असतं त्यात शर्यतीबरोबर ‘स्पीड टेस्टिंग’ आणि ‘मोटर ट्रेड’ (गाड्यांचा धंदा) हे शब्दही आहेत. शून्य ते शंभर किती सेकंदांत, हे मोबाइलवर चित्रित करताना गाडी दुभाजकाला लागली, तर विमा कंपनीच्या सर्व्हेअरला या ओळीवर बोट ठेवता येईल. आणि एखादा डीलर ‘दोन दिवस ठेवतो, गिऱ्हाइकांना दाखवतो’ म्हणाला, तर दुसरा शब्द आडवा येतो. रीमॅप केलेली (इंजिनच्या संगणकाची सेटिंग बदलून ताकद वाढवलेली) गाडी असेल तर ते विमा कंपनीलाही कळवलेलं हवं आणि घेणाऱ्यालाही. लपवलेला बदल अपघातानंतरच नेमका बाहेर येतो.

बरेच विक्रेते म्हणतात, इन्शुरन्स आहे, लागली तर लागली. त्यांनी नो क्लेम बोनसचा, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचा, हिशोब मांडावा. १५०० सीसीच्या वरच्या गाडीला प्रत्येक दाव्यात २,००० रुपये सक्तीने आपले जातात, ही किरकोळ गोष्ट. समजा ओन डॅमेजचा (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा) हप्ता बोनस वजा करण्याआधी ३०,००० आहे आणि बोनस ५० टक्क्यांवर पोचलाय. एका दाव्याने तो शून्य होतो, म्हणजे पुढच्या हप्त्यात १५,०००चा फरक. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. गाडी विकल्यावर कंपनीकडून त्याचं प्रमाणपत्र घेऊन ३ वर्षांच्या आत आपल्या पुढच्या गाडीला लावता येतो. म्हणजे दुसऱ्याच्या हातून झालेल्या खरचटण्याची किंमत माझी नवी गाडी मोजणार.

आणखी एक: १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा मालक-चालकाचा असतो. घेणारा चालवत असेल तर त्याच्या जिवाला तो लागू नाही. शेजारी बसलेल्याला वेगळं कव्हर घेतलं असेल तरच. हे त्यांना आधी सांगायचं.

एका पानाची चिठ्ठी करून ठेवली: नाव, लायसन्स नंबर, तारीख, चाक हातात घेतल्याची आणि सोडल्याची वेळ, किलोमीटर रीडिंग, आणि ‘या वेळेतलं ई-चलान व विम्याबाहेरचं नुकसान मी भरेन’ ही ओळ. सही. या कागदाने तिसऱ्या माणसाबद्दलची माझी जबाबदारी सुटत नाही, हे पक्कं लक्षात ठेवायचं. पण कॅमेऱ्याचं चलान काही दिवसांनी माझ्या नावावर आलं, तर वेळ बघून वाद न होता मिटतो. सही करायला कां कूं करणाऱ्याला फेरी नाही.

शुक्रवार, रात्री

मार्ग ठरवायला सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. बाणेरहून औंध, सांगवी फाटा, रक्षक चौक, जगताप डेअरी, काळेवाडी फाटा, डांगे चौक, रावेत. मग डावीकडून मुंबई-बेंगळुरू बायपासला लागायचं आणि पुनावळे, ताथवडे, वाकड, बालेवाडी करत परत बाणेर. अंदाजे २५ किमी. टोल नाही. मुख्य वळणं डावीकडची, म्हणजे नवख्या हाताला समोरची रहदारी कापून उजवीकडे वळावं लागत नाही. उलट दिशेने हाच मार्ग निम्मा चांगला आहे.

औंध-रावेत टप्पा मी चालवणार. याचं कारण तेल. कूलंट पाचेक मिनिटांत ९०वर येतो आणि लोकांना वाटतं इंजिन गरम झालं. इंजिन ऑइल तिथे पोचायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. मीटरमधल्या डिस्प्लेवर ऑइल टेंपरेचर दिसतं. ते ८०च्या वर जाईपर्यंत टर्बोला जोर द्यायचा नाही. आता घेणाऱ्याला गार इंजिनाचा आवाज ऐकायचा असतो, चेनची खडखड नाही ना ते कळायला, आणि तो त्याचा हक्क आहे. म्हणून आधी गाडी गरम करून ठेवायची नाही. गार इंजिन त्याच्यासमोर चालू करायचं, तेल तापेपर्यंत मी चालवायचं. सिग्नल, गतिरोधक, १० ते २०च्या वेगाला डीएसजीचं पहिला-दुसरा-पहिला, खराब पट्ट्यावर सस्पेन्शनचा आवाज, हे सगळं तो शेजारी बसून शांतपणे ऐकतो. चालवताना माणूस ऐकत नाही, रस्ता बघतो.

रावेतला बदली. गाडी चोरीला जाण्याची वेळ हीच. किल्ली खिशात असलेल्या गाडीचं इंजिन चालू राहिलं आणि मी दार उघडून खाली उतरलो, तर किल्ली दूर गेली म्हणून इंजिन बंद पडत नाही. गाडी तशीच निघून जाऊ शकते. म्हणून क्रम मोडायचा नाही: पार्किंग, इंजिन बंद, किल्ली माझ्या खिशात, तो आधी उतरतो, मग मी. दोघंही बसलो, बेल्ट लागले, की मगच स्टार्ट. देहू रोडच्या बाजूला वळायचं नाही, तिथून चुकून एक्स्प्रेसवेला लागलो तर मागे फिरायला जागा नाही आणि टोलही पडतो.

उभ्या गाडीत पाच मिनिटं बोलायचं. सीट, आरसे, गिअरचे डी (साधा) आणि एस (स्पोर्ट), स्टिअरिंगमागचे गिअर बदलायचे पॅडल. आणि मॅन्युअलची सवय असलेल्याला एक गोष्ट दोनदा: डावा पाय फूटरेस्टवरच. सवयीने तो क्लच शोधत जातो, ऑटोमॅटिकचं रुंद ब्रेक पेडल सापडतं आणि क्लचसारखं पूर्ण दाबलं जातं. गाडी जागेवर थांबते, मागचा येऊन आदळतो. दुसरी गोष्ट रेसची. पाय दाबल्यावर गिअर खाली यायला आणि टर्बो भरायला क्षणभर जातो. नवख्याला वाटतं गाडी ऐकत नाही, तो आणखी दाबतो, आणि मग ३५० न्यूटन मीटर एकदम येतात. पुढची चाकं घसरतात, स्टिअरिंग हातात ओढल्यासारखं होतं. हे माहीत असेल तर माणूस घाबरत नाही. माहीत नसेल तर ॲक्सिलरेटर सोडण्याऐवजी स्टिअरिंग झटकतो, आणि त्यातच गाडी जाते.

बायपासला रस्ता मोकळा असेल तर आधी अर्ध्या रेसवर, मग एकदा पूर्ण: ४० ते ८०, तेही सरळ पट्ट्यात, मागे कुणी चिकटलेलं नसताना. पुढे ८०वरून २०पर्यंत सरळ रेषेत ब्रेक, म्हणजे डिस्क थरथरते का ते कळतं. त्यात गाडीचं खरं रूप दिसतं. लाँच कंट्रोल नाही. ईएससी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) बंद करून, डाव्या पायाने ब्रेक आणि उजव्याने पूर्ण रेस धरून गाडी सोडायची, यात क्लच आणि टायरवर पडणारा ताण मला मान्य नाही. पुढच्या मालकालाही नसावा. हे फोनवरच सांगून ठेवलंय. शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश, टर्बो निवायला.

पाऊस असेल तर फेरीच नाही. खड्डा पाण्याखाली दिसत नाही आणि या गाडीच्या टायरची साइडवॉल (बाजूची भिंत) एवढी थोडी की खड्ड्यात रिमच आपटतो.

कुणी ऐकलंच नाही तर? आधीच ठरवायचं: मी ‘बाजूला घ्या’ म्हटलं की फेरी संपली. आवाज चढवायचा नाही, चालत्या गाडीत स्टिअरिंगला किंवा गिअरला हात लावायचा नाही. त्याने धोका कमी होत नाही, वाढतो.

शनिवार

टायर गार असताना हवा भरली, दाराच्या आतल्या स्टिकरप्रमाणे. टाकी अर्धी. पीयूसी, विमा, आरसी मोबाइलमध्ये. घराच्या किल्ल्या आणि बिलांची फाइल गाडीतून काढली. बिलं घरी बसून दाखवायची, कारण त्यावर पत्ता आणि फोन असतो.

चारही अलॉय आणि चारही साइडवॉलचे फोटो, टॉर्च लावून, आतल्या बाजूनेही. साइडवॉलला आलेला फुगा फेरीनंतर लगेच लक्षात येत नाही, दुसऱ्या दिवशी दिसतो आणि मग कुणाचा म्हणायचा? फेरीनंतर हेच फोटो पुन्हा, दोघांनी मिळून. डॅशकॅम चालू असेल आणि आवाजही टिपला जातो, हे बसायच्या आधी सांगायचं.

स्कॅनर आणणार असतील तर स्वागत आहे. ओबीडी पोर्टला (गाडीचा संगणक तपासायच्या सॉकेटला) तो माझ्यासमोर लावायचा, एरर वाचायच्या, पुसायच्या नाहीत, कोडिंग करायचं नाही. आपल्या पाठीमागे त्या पोर्टला कुणालाही हात लावू द्यायचा नाही, तिथून नवी किल्ली जुळवता येते.

भेट सोसायटीच्या गेटवर, जिथे रजिस्टरमध्ये नाव आणि त्यांच्या गाडीचा नंबर लिहिला जातो. बरोबर एकच माणूस चालेल, तो चालकाच्या मागे बसेल, म्हणजे मान वळवली की दिसतो. त्यांनी यायला वापरलेली गाडी गेटच्या आत राहील.

पहिल्या फेरीला टोकन मागणार नाही. ते मला पटत नाही, बघायला आलेल्या माणसाचे पैसे अडकवू नयेत. गॅरेजला नेऊन लिफ्टवर चढवायची म्हणाले तर मात्र परतीच्या अटी लिहून छोटं टोकन, आणि नेताना मी बरोबर. पैसे आले की नाही ते माझ्या बँकेच्या ॲपमध्ये बघायचं, त्यांच्या स्क्रीनशॉटवर नाही. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही.

रविवार, सकाळी

आकाश स्वच्छ, रस्ता कोरडा. दुसरी किल्ली कपाटात, चिठ्ठी आणि पेन ग्लोव्ह बॉक्समध्ये. सात वाजून दहा मिनिटं. बॉनेट गार आहे. इंजिन त्यांच्यासमोरच चालू करायचं, तोवर गाडीला हात लावायचा नाही.