वजन कंबरेत असतं

मी माइम, म्हणजे शब्दांवाचून नुसत्या शरीराने केलेला मूकाभिनय, करते, आणि रंगमंचावर एकटीच असते. कार्यक्रम संपल्यावर लोक विचारतात, हे कुठे शिकलात? तेव्हा मी बडोद्याच्या सुरसागर तलावाकाठच्या संगीत महाविद्यालयातल्या नाट्यविभागाचं नाव घेते, पुढे केलेल्या शिबिरांचं घेते. ते खरंच आहे. पण शाळेच्या अमृतमहोत्सवी अंकात लिहायचं तर आधी शाळेचं ऋण सांगायला हवं. माझ्या कामाचा पाया इथे घातला गेला, आणि तो स्नेहसंमेलनातल्या नाटकांत नव्हे, व्यायामाच्या तासाला.

आमचे व्यायामाचे सर दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात, म्हणजे बडोदेकर ज्याला माणिकरावांचा आखाडा म्हणतात तिथे, घडलेले. मुलांना ते एरंडेल चोळलेल्या खांबावर चढवत आणि आम्हा मुलींना सभागृहाच्या तुळईला टांगलेल्या दोरीवर. दोरी सुती, तिला एकही गाठ नाही. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत ती धरायची आणि वर सरकायचं. पहिले काही आठवडे सगळ्याजणी दंडाच्या जोरावर लोंबकळायच्या आणि लगेच थकायच्या. सर खालून ओरडत, "अगं, हातांनी काय ओढतेस? वजन कंबरेत असतं. कंबर वर ने, हात आपोआप येतील." तेव्हा ती मल्लखांबाची सूचना होती. आज मी तिच्यावर उभी आहे.

माइममध्ये नसलेली दोरी ओढणं हा अगदी पहिला धडा. शिकाऊ कलाकार मुठी आवळतो, दात-ओठ खातो, दंड फुगवतो, आणि प्रेक्षकाला फक्त रागावलेला माणूस दिसतो. दोरी दिसायची असेल तर सुरुवात मागच्या पायाच्या टाचेपासून होते. टाच रोवली जाते, कंबर किंचित खाली बसते, पाठ लांबते, मग खांदा, आणि सर्वात शेवटी मनगट. दोन मुठींमधलं अंतरही बदलता कामा नये, कारण दोरी ताणून वाढत नाही. एक मूठ चार बोटं मागे आली की दुसरीही तितकीच सरकली पाहिजे. आणि मुठीच्या आत दोरीच्या जाडीएवढी पोकळी राहिली पाहिजे. ही पोकळी मला कुणी शिकवावी लागली नाही. तळहाताला ती शाळेपासून माहीत होती.

नसलेली भिंत त्याहून अवघड. तळहात टेकला, बोटं पसरली, की तो हात सभागृहाच्या मानाने जागच्या जागी स्थिर राहिला पाहिजे, मग शरीर कुठेही जावो. म्हणजे शरीर डावीकडे सरकलं की हाताला आपल्याच खांद्यापासून उजवीकडे जावं लागतं. लोक म्हणतात, हात हलतोय. खरं तर हात सोडून बाकी सगळं हलत असतं.

एत्येन दक्रू (१८९८–१९९१) या फ्रेंच गुरूने आधुनिक माइमचं व्याकरण बांधलं ते याच दिशेने: आधी धड, नंतर हात, चेहरा सर्वात शेवटी. चेहऱ्यावरच विसंबायची सवय मोडावी म्हणून तो चेहरा कापडाने झाकून काम करायला लावत असे. जगाला ओळखीचा झाला तो त्याचा शिष्य मार्सेल मार्सो. पांढरा चेहरा, पट्ट्यापट्ट्यांचा सदरा, टोपीवर लाल फूल असा त्याचा 'बिप' १९४७ साली जन्मला. पण मला सर्वात जवळचा वाटतो तो झाक लकॉक. १९५६ साली पॅरिसमध्ये शाळा काढणारा हा माणूस नाटकात आला तो खेळ आणि जिम्नॅस्टिक्समधून. आधी मुळीच काही व्यक्त न करणारा तटस्थ मुखवटा घालून तो विद्यार्थ्यांना नुसतं उभं राहायला, चालायला शिकवायचा. त्याच्याबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमचे सर आठवले.

बडोद्याच्या माणसाने मात्र पॅरिसपाशी थांबू नये. भरताचं नाट्यशास्त्र अभिनवगुप्ताच्या टीकेसह छापायला सुरुवात झाली ती आपल्याच गावच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत, १९२६ साली. त्यात ३६ दृष्टी सांगितल्या आहेत, एका हाताच्या २४ मुद्रा. दक्रू जिथे चेहरा झाकतो तिथे भरत नजरेचे इतके प्रकार करतो! या दोघांत निवड करायची गरज मला वाटली नाही. वस्तू दाखवायची तेव्हा मी धडाकडे जाते, माणूस दाखवायचा तेव्हा नजरेकडे.

एकटीने दोन माणसं उभी करायची तर नजरेशिवाय भागतच नाही. माझ्या एका प्रयोगात खंडेराव मार्केटमध्ये भाजी घेणारी मराठी आजी आहे आणि जमिनीवर बसलेला गुजराती भाजीवाला आहे. दोघं घासाघीस करतात, अर्थात एकही शब्द न बोलता. आजी खाली बघते, भाजीवाला वर. दोघांमधला तराजू कुठे लटकतोय ती जागा मी मनात पक्की ठेवते आणि दोन्ही बाजूंनी नजर तिथेच आणते. ती वीतभर जरी चुकली तरी पहिल्या रांगेतलं पोरसुद्धा ओळखतं. लहानपणी कीर्तनात बुवा एका पावलात यशोदेचे कृष्ण होत, ते याच युक्तीने. उपरणं नुसतं निमित्त, खरा फरक मानेच्या उंचीत.

आणि त्या आजीची पिशवी! प्रत्येक खरेदीला ती जड होत जाते. पिशवी उजव्या हातात असेल तर उजवा खांदा खाली ओढला जातो, धड डावीकडे कलतं, डावा हात तोल सांभाळायला अंगापासून सुटतो, पावलं आखूड पडतात. बटाटे पडले की जास्त, कोथिंबिरीच्या जुडीला जवळजवळ काहीच नाही. हा फरक अचूक ठेवला की प्रेक्षक मनातल्या मनात वजन करू लागतात. शेवटी भाजीवाला दोन मिरच्या फुकट टाकतो आणि आजी त्या भाराने वाकते, तिथे रावपुऱ्यातल्या गणपतीच्या मांडवात मराठी काकू आणि गुजराती बेन एकाच क्षणी हसल्या. या गावात राहून मूक काम करण्याचं यापेक्षा मोठं सुख मला माहीत नाही.

पांढरा रंग मी चेहऱ्याला लावत नाही. मोठ्या नाट्यगृहात लांबून चेहरा दिसावा म्हणून तो उपयोगी. माझे प्रयोग मांडवात, वर्गात, वाड्याच्या चौकात होतात, मुलं हाताच्या अंतरावर बसलेली असतात. त्यांना घाम दिसलेला मला चालतो.

शाळेच्या व्यवस्थापनाला एकच विनंती आहे. सभागृहाच्या तुळईतली कडी अजून शाबूत आहे, गेल्या महिन्यात पाहून आले. तिथे पुन्हा दोरी टांगा. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर सातवी-आठवीच्या मुलामुलींना शिकवायला मी येईन, मोबदला नको. पहिलं सत्र भिंत नाही, नसलेली दोरी नाही, काहीच नाही. आधी दोन्ही पायांवर सारखं वजन टाकून उभं राहणं. मग खऱ्या दोरीवर चढणं. मग पाण्याने काठोकाठ भरलेली बादली उचलून मैदान ओलांडणं, नंतर अर्धी, नंतर रिकामी, आणि मग बादलीशिवाय तेच अंतर तितक्याच वेळात. पालकांना यात नाटक कुठे आहे असं वाटेल. त्यांनी दिवाळीपर्यंत थांबावं आणि मग बघायला यावं.