कार्ड हजर, वायफाय गैरहजर

मुंबईच्या घरांत इंटरनेट बंद पडले की पहिला संशय नेटवाल्यावर जातो आणि दुसरा राउटरवर. लॅपटॉपने रात्री अपडेट करून घेतले आणि सकाळी त्याचे वायफाय नाहीसे झाले, तेव्हा आमच्याकडेही नेटवाल्याला फोन गेलाच. त्याच राउटरवर वडिलांच्या मोबाइलवर भजने सुरळीत चालू होती, हा पुरावा कोणी विचारात घेतला नाही. खरे तर पडद्यावरची रिकामी यादी पुरेशी बोलकी होती. दादरच्या दाटीवाटीत आपले राउटर बंद असले तरी वरच्या-खालच्या मजल्यांची वायफाये दिसतातच. एकही दिसत नाही, याचा अर्थ लॅपटॉपला ऐकूच येत नाही.

लिनक्स या कार्यप्रणालीवर चालणाऱ्या आमच्या लॅपटॉपला 'एलएसपीसीआय -के' ही आज्ञा दिली की आत जोडलेल्या भागांची यादी मिळते. तिच्यात वायफाय कार्ड आपल्या पूर्ण नावानिशी हजर होते. मात्र 'वापरात असलेला ड्रायव्हर' दाखवणारी जी ओळ त्याच्याखाली असायला हवी, ती नव्हती. कार्ड धडधाकट होते, पण ते चालवणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम उरला नव्हता.

लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल. त्याच्यासोबत येणारे ड्रायव्हर त्याच्याबरोबरच नवे होतात. परंतु कार्डाच्या कंपनीने वेगळा दिलेला ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावा लागतो, कारण आतील रचना आवृत्तीगणिक बदलण्याची मुभा कर्नलच्या कर्त्यांनी जाणूनबुजून राखली आहे. सोसायटीने सिक्युरिटी एजन्सी बदलली की वर्षानुवर्षे येणारा दूधवालाही गेटवर अडवला जातो, त्यातलाच हा प्रकार. माझा राग मात्र गेटवर नाही. ड्रायव्हरचा मूळ कोड खुला न करणाऱ्या कंपनीवर आहे, कारण तो कर्नलमध्येच सामील झाला असता तर ही अडवणूक झालीच नसती.

ही पुनर्बांधणी आपोआप व्हावी म्हणून डेलच्या अभियंत्यांनी २००३ साली डीकेएमएस ही सोय तयार केली. तिला त्या-त्या कर्नलच्या हेडर फाइली, म्हणजे त्याच्या आतील रचनेची माहिती देणाऱ्या फाइली, लागतात आणि आमच्याकडे नवा कर्नल आला तो हेडरांविनाच. आता हेडर उतरवायचे तर इंटरनेट हवे! अशा वेळी चार्जिंगच्या वायरने मोबाइलचे नेट लॅपटॉपला देता येते. पण मला जुन्या कर्नलचा मार्ग अधिक आवडतो. लॅपटॉप सुरू होतानाच्या यादीतून तो निवडला की वायफाय पूर्ववत चालते, म्हणजे निदान पक्के होते आणि उपचाराची सोयही होते. हेडर आले, डीकेएमएसने ड्रायव्हर बांधला आणि नव्या कर्नलवरही ती हरवलेली ओळ उमटली. पुढच्या प्रत्येक कर्नलबरोबर हेडर आणणारे पॅकेज मी बसवून घेतले आहे. जुना कर्नल आता अनावश्यक आहे, तो काढून टाका, हा लॅपटॉपचा सल्ला तेवढा अजून मानलेला नाही.