बाबांची सत्तरी आणि न्यूयॉर्कचा मटण चॉप

आई-बाबा या वेळी सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीतल्या एडिसनला आमच्याकडे आलेत आणि बाबांची सत्तरी नेमकी इथेच आली, त्यामुळे काहीतरी खास करायचंच हे डोक्यात होतं. मी स्टेकहाऊस म्हटल्यावर आई लगेच म्हणाली, अरे आम्ही तिथं काय खाणार? बरोबरच होतं तिचं. स्टेकहाऊस म्हणजे बीफ, ते दोघं खात नाहीत, आणि बायको तर पूर्ण शाकाहारी. पण मॅनहॅटनमध्ये कीन्स म्हणून एक जुनं स्टेकहाऊस आहे, ते स्टेकइतकंच मटण चॉपसाठी प्रसिद्ध आहे, आणि कोल्हापूरच्या माणसाला न्यूयॉर्कला आणून तिथं न्यायचं नाही हे काही मला पटेना. शनिवारी आई मटण खात नाही म्हणून रविवारचं टेबल बुक केलं.

एडिसनहून ट्रेनने पेन स्टेशन, तिथून मेसीजच्या मोठ्या दुकानावरून चालत ३६व्या स्ट्रीटवर. खरं तर दहा-बारा मिनिटांचं अंतर, आम्हाला अर्धा तास लागला कारण इमारतींच्या मधून एम्पायर स्टेट दिसली की बाबा थांबायचे आणि आईने नारायणपेठ साडीवर बूट घातले होते तरी तिला घाई करवत नव्हती. मी पण घाई केली नाही. वर्षातून एकदा भेटणारी माणसं आहेत, चालू दे सावकाश.

आत गेलो आणि लेक तिथेच मान वर करून उभी राहिली. छताला पाईप! तंबाखू ओढायचे मातीचे पाईप, लांब बारीक दांड्याचे, ओळीने एकमेकांना चिकटून टांगलेले, एका खोलीत नाही तर जिथं बघाल तिथं. ५० हजारांहून जास्त आहेत म्हणे. हॉटेल १८८५ सालचं, तेव्हा हा भाग नाटकवाल्यांचा होता, नट-निर्माते जेवायला यायचे आणि आपला पाईप इथेच ठेवून जायचे कारण हे पाईप इतके नाजूक की सोबत नेले तर मोडायचेच. मग प्रत्येकाचा पाईप नाव-नंबर टाकून सांभाळायचा. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट, बेसबॉलपटू बेब रूथ, आईन्स्टाईन अशी मंडळी त्या यादीत आहेत. मुलगा आईन्स्टाईनवर अडकला, बाबा मात्र म्हणाले, आमच्या आजोबांची चिलीम पण अशीच मातीची होती, ओलं फडकं गुंडाळून ओढायचे, ती कुणी जपून ठेवली नाही बघ. हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

आईला मात्र दुसरी गोष्ट आवडली. पूर्वी इथं बायकांना प्रवेशच नव्हता. लिली लँगट्री नावाच्या नटीने १९०५ मध्ये त्यावरून कोर्टात केस केली, जिंकली, आणि मग थाटात आत येऊन मटण चॉप मागवला. आता तिच्या नावाची खोलीच आहे इथं. आई म्हणाली, मग मी पण तोच घेणार, बाईनं भांडून मिळवलाय.

तर चॉप. एक मीडियम रेअर, म्हणजे आतून गुलाबी, माझ्यासाठी, आणि एक चांगला शिजवलेला आई-बाबांत. ताट समोर आलं तेव्हा टेबलावर कुणी काही बोललंच नाही. पाऊण किलोच्या आसपासचा एकच तुकडा, बाजूंनी वळलेला, कडेची चरबी भाजून तपकिरी झालेली आणि अजून चुरचुरतेय. बाबांनी आधी सुरी लावलीच नाही. ताट फिरवून सगळीकडून बघितलं, मधल्या हाडावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे बघ, मणक्याच्या दोन्ही बाजूंचा चाप एकत्र ठेवलाय, आपल्याकडं खाटीक मधोमध फोडतो, यानं फोडलाच नाही." चाळीस वर्षं दर रविवारी सकाळी दुकानात उभं राहून हे नको, ते दे, नळी घाल, चाप घाल असं सांगून मटण आणलेला माणूस आहे तो. वेटरने नंतर नेमकं तेच सांगितलं, सॅडल म्हणतात त्या भागाला, दोन्ही बाजू अख्ख्या. आणि हे बोकड नाही, मेंढीचं, त्यातही आता जरा मोठं झालेलं कोकरूच असतं. "म्हणजे पालवं," बाबा म्हणाले. आमच्याकडे कोवळ्या बकऱ्याला पालवं म्हणतात.

मसाला काहीच नाही हो. मीठ, मिरी आणि आग, बास. सोबत पुदिन्याची गोड जेली, ती आईने चाखून बाजूला सारली. पण मांस! बाहेर कडक, आत रसाळ, आणि चरबीची ती कड खाल्ली की मग बाकीचं काही सुचत नाही. बाबा पहिला घास चावत बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, मसाल्याशिवाय मटणाला एवढी चव असते हे सत्तराव्या वर्षी कळलं.

मुलाने स्टेक मागवला. माझ्या मनात धाकधूक होती, आजोबांच्या शेजारी बसून बीफ खाणार म्हणून. त्यानेच आधी विचारलं, आजोबा, मी घेऊ का? बाबा म्हणाले, तू इथं वाढलास, खा की, फक्त टाकू नकोस. मग स्वतःच विचारायला लागले, स्टेकचं मांस असं आठवडेच्या आठवडे थंड खोलीत उघडं का ठेवतात. तर त्यातलं पाणी उडून चव घट्ट होते आणि मांस आपोआप मऊ पडतं, नातवाने सांगितलं, आजोबांनी मन लावून ऐकलं. मला हे दोघं असे बोलताना बघायचे होते इतकंच.

बायकोचं काय म्हणाल तर क्रीम घातलेला पालक, मशरूम, मोठा भाजलेला बटाटा, सॅलड, पोटभर झालं. फक्त शाकाहारी असाल तर प्रत्येक भाजीला विचारून घ्या, वाटाणा-गाजरात पण बेकन असतं. बिलावर ८.८७५ टक्के टॅक्स आणि वर टिप साधारण २० टक्के, तेवढं धरूनच जा. स्वस्त नाही, पण दोन माणसांत एक चॉप पुरतो, आमचा तर उरला.

उरलेलं हाडांसकट बांधून घेतलं. दुसऱ्या दिवशी आईने ती हाडं कुकरला लावली, त्यांचं बिनमसाल्याचं पाणी म्हणजे अळणी काढली, नारळाचं दूध घालून पांढरा रस्सा केला. भाजल्याचा वास त्यात उतरला होता. बाबा दोन वाट्या प्यायले आणि म्हणाले, मेंढीचा वास येतोय थोडा, पण अजून आहे का?