डाग पिवळा, डाग लाल

पांढरा कुर्ता घालून तर्रीपोहे खायला जाणं हा नागपुरात निव्वळ आगाऊपणा. रविवारी तो मी केला. घरी येऊन डागावर साबण घासला, तर पिवळा डाग लालभडक. सातवीतल्या लेकीला परीक्षेच्या तोंडावर आयतंच उदाहरण सापडलं. "बाबा, रंग बदलून राहिला! म्हणजे रासायनिक बदल."

बरोबर होतं तिचं. साबणातल्या अल्कलीपुढे हळदीतलं करक्युमिन आपला हायड्रोजन सोडतं आणि लाल होतं. हळदीला चुना लावून कुंकू करतात, ते असंच. पण मला खोडी काढायची हुक्की आली. डागावर लिंबू पिळलं. लाल पळाला, पिवळा हजर!

लेक गोंधळली. वहीत तर तिनं लाल शाईनं चौकट करून लिहिलेलं: उलटा फिरतो तो भौतिक, फिरत नाही तो रासायनिक.

बर्फ-पाणी-वाफेपुरता हा नियम चालतो. स्वयंपाकघरात त्याची पंचाईत होते. भिवापुरी मिरची खलबत्त्यात कुटली, आता त्या तिखटाची पुन्हा मिरची करून दाखवा! तरी बदल भौतिकच. कुटण्याआधी जे कॅप्सेसिन जिभेला झोंबायचं, तेच नंतरही झोंबतं. नवा पदार्थ झाला का, एवढंच विचारायचं असतं.

आमचा कूलर तर दोन्हीकडून साक्ष देतो. वाळ्याच्या ताट्यांवरून उडणारं पाणी ग्रॅममागे सुमारे ५८० कॅलरी उष्णता ओढून नेतं, त्याच्या जिवावर आपला मे निघतो, हा भौतिक. टाकीत उरणारा पांढरा थर मात्र वेगळा. पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट कार्बन डायऑक्साइड सोडून कार्बोनेट होतं आणि चिकटून बसतं. (तो खरवडायची पाळी दर वर्षी माझीच.)

आमचा खल आईनं थोडा वेळ ऐकला. मग ओला कुर्ता उचलला. "बोलत काय बसलात? एवढं ऊन पडून राहिलं बाहेर," म्हणत गच्चीवर गेली.

तिला करक्युमिन माहीत नाही. उजेडात त्याचे तुकडे पडतात, हेही नाही. हळदीचा डाग उन्हात जातो, एवढं माहीत आहे.

संध्याकाळी लेकीनं कुर्ता उलटसुलट करून पाहिला. मग साबणाची वडी आणून डागाच्या जागी चांगली घासली. लाल काही होईना.