‘साभार परत’च्या पुढची दोन पानं

सांगलीतल्या एका छापखान्यात मी सतरा वर्षं प्रुफं तपासली. मे महिना लागला की दिवाळी अंकांचं काम यायचं आणि ते पार गणपतीपर्यंत मानेवर बसलेलं असायचं. त्यातल्या एका अंकाचे संपादक छापखान्याच्या माडीवरच बसायचे. नापसंत कथा परत पाठवायचं काम त्यांनी माझ्या गळ्यात घातलं होतं. कथेसोबत स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकिटं लावलेलं पाकीट जोडायचं असा तेव्हा रिवाज होता. त्या पाकिटात कथा सारायची, वर ‘साभार परत’ असं छापलेली बोटभर चिठ्ठी ठेवायची आणि डिंक लावून टाकायचा. एका दुपारी चाळीसेक पाकिटं तरी बंद होत.

मी ती सगळी वाचत नसे. पण एकदा जत तालुक्यातल्या एका शिक्षकाची कथा हातात राहिली. पहिली दोन पानं नुसता सूर्योदय. तिसऱ्या पानावर एक म्हातारा टँकरच्या रांगेत आपली कळशी ठेवतो आणि स्वतः सावलीला जातो. परत येतो तर कळशी तीच, पण जागा दहा माणसं मागे गेलेली. तिथून पुढे कथा जी उचलली होती! मी शिसपेन्सिलीनं समासात लिहिलं, ‘इथून सुरुवात केली तर?’ आणि पाकीट टाकलं. बारा दिवसांनी पोस्टकार्ड आलं, संपादकांच्या नावे नाही, ‘पेन्सिलवाल्या साहेबांस’. सोळा वर्षं ते कथा पाठवत होते म्हणे, आणि कुणी एक ओळ लिहून कळवण्याची ही पहिलीच वेळ.

आमच्या धंद्याचं भांडवल म्हणाल तर हे पोस्टकार्ड.

मराठीत कथा लिहिणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दर वर्षी कथांची मागणी असते, आज तर शेकडो अंक निघतात. वाण आहे ती वाचून सांगणाऱ्याची. गाणं शिकायला सांगली-मिरजेत गल्लोगल्ली मास्तर मिळेल, तबल्याला मिळेल. कथा शिकायची म्हटली की ‘ती आतून यावी लागते’ असं सांगून लोक मोकळे होतात. अहो, गाणंही आतूनच येतं की! पण सा लागला नाही हे सांगायला समोर कुणीतरी बसलेलं असतं.

२००४ मध्ये छापखाना मोठ्या मशीनवर गेला, प्रुफांचं काम कमी झालं, आणि मी गावभागातल्या आमच्या घरात टपालानं कथालेखनाचा अभ्यासक्रम सुरू केला. आठ स्वाध्याय, फी नऊशे रुपये. स्वाध्याय आला की समासात पेन्सिलीनं शेरे, आणि सोबत हातानं लिहिलेलं दोन पानांचं पत्र. जाहिरात म्हणजे दोन वाचनालयांच्या फळ्यावर डकवलेला कागद. पहिल्या तुकडीत अकरा जण आले. जतचे गुरुजी पहिले. फी मनीऑर्डरनं यायची. फॉर्मच्या तळाशी संदेशासाठी जी इवलीशी जागा असायची, तिच्यात लोक अख्खं कथाबीज कोंबायचे.

आमचे हे बँकेत होते. त्यांनी पहिल्या वर्षअखेरीला कॅलेंडरच्या पाठीवर हिशेब मांडला. पाकिटाला वीस ग्रॅमला पाच रुपये. फुलस्केपची पंधरा पानं आणि माझं पत्र म्हणजे पंचवीस रुपयांची तिकिटं. आठ वेळा म्हणजे दोनशे गेले. एका कथेला मला अडीच तास लागतात, म्हणजे आठ कथांना वीस तास. सातशे भागिले वीस. “ताशी पस्तीस रुपये,” हे म्हणाले, “आणि त्यात पेन्सिली धरलेल्या नाहीत.” प्रुफांत याहून जास्त सुटत होते. फी वाढवली, पण दबकत दबकत. तेवढं एक चुकलंच माझं. जो फुकटात किंवा स्वस्तात शिकतो त्याचे स्वाध्याय वेळेवर येत नाहीत, हे कळायला मला सहा वर्षं लागली.

काय शिकवतो, असं लोक विचारतात. खरं सांगायचं तर फार थोडं. सुरुवातीला मी कथाबीज, व्यक्तिरेखा, वातावरण, निवेदन असे छापील धडे काढले होते. ते मुलं पाठ करून टाकत आणि कथा होती तिथंच. (‘मुलं’ म्हणायची सवय, त्यातले निम्मे पेन्शनर.) उपयोग झाला तो समासातल्या प्रश्नांचा. सगळ्यांत जास्त वेळा मी लिहिलेला प्रश्न म्हणजे ‘हे तिला कसं कळलं?’ सून ओट्याशी पोळ्या लाटतेय, कथा तिच्या नजरेतून चाललीय, आणि मध्येच ओसरीवरच्या सासऱ्यांच्या मनात काय आलं तेही आपल्याला सांगितलं जातं. निवेदकाला स्वयंपाकघरात उभं केलं की ओसरी फक्त ऐकू यायला हवी, खाकरणं, तपकिरीची डबी, दाराची कडी. एवढं एक पथ्य पाळलं तरी निम्मी कथा आपोआप सुधारते.

दुसरं म्हणजे तयार माल. डोळ्यांच्या कडा पाणावतात, काळजात चर्र होतं, वाफाळत्या चहाचा घोट घेतला जातो. इस्लामपूरच्या एका बाईंनी लिहिलं होतं, ‘तिला फार वाईट वाटलं.’ मी समासात विचारलं, ‘तेव्हा ती काय करत होती?’ पुढच्या खर्ड्यात वाक्य आलं : ‘तिनं कुकरची शिट्टी काढून हातात घेतली आणि वाफ संपेपर्यंत तशीच धरून उभी राहिली.’ शिट्टी भाजते, बाई. पण मी तो शेरा मारला नाही. भाजत होती म्हणूनच ती धरून उभी होती.

शेवटच्या ओळीतल्या कलाटणीचा रोग वेगळाच. ‘...आणि त्याला जाग आली’ असा शेवट करणाऱ्या कथांसाठी आम्ही चपलांचं एक खोकं ठेवलं होतं. ते भरलं, तेव्हा दुसरं आणलं.

बोलीचंही सांगायला हवं. मालवणकडचा मुलगा, घरात मालवणी, आणि कथेतली आजी बोलते सदाशिव पेठेतल्यासारखी. विचारलं तर म्हणाला, छापतील की नाही अशी भीती वाटते. त्याला एकच काम दिलं : आजी दिवसभरात जे बोलते ते जसंच्या तसं एका वहीत टिपायचं. महिन्याभरानं वही आली. तीत शिव्याच चार पानं होत्या. पण पुढच्या कथेत आजी उभी राहिली.

आता जे घडलं त्याचा डाग अजून आहे. २०१५ च्या सुमाराला नाव झालं, विद्यार्थी दीडशेच्या घरात गेले. दुकान वाढवायचं म्हणून मी चार जणांना कथेमागे पैसे ठरवून वाचक म्हणून घेतलं. पत्रंही आता टाइप करून जायची. वर्षभर सगळं सुरळीत. वेळेत उत्तरं, हिशेब चोख. मग इचलकरंजीहून एक पाकीट आलं. दोघी जावांनी एकमेकींना न सांगता नाव घातलं होतं, पुढे कळलं, आणि दोघींनी आपापली पत्रं स्वयंपाकघरात शेजारी-शेजारी ठेवून पाहिली. एकीची कथा होती यंत्रमागावरच्या कामगाराची, दुसरीची डोहाळजेवणाची. पत्र मात्र शब्दशः एक : ‘आपल्या कथेतील वातावरणनिर्मिती हृद्य असून व्यक्तिरेखा अधिक ठसठशीत होण्यास वाव आहे.’ दोघींनी मिळून लिहिलं होतं : ‘ताई, कोणाच्या व्यक्तिरेखेला वाव आहे ते कळवावे.’

मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही. ‘साभार परत’ची चिठ्ठी आम्ही दोन पानांची केली होती, एवढंच. जुन्या प्रती काढून तपासल्या, तर एकाच वाचकाकडून असं झालेलं. पण त्याला दोष देऊन काय उपयोग? दिवसाला सात कथा मीच त्याच्यासमोर ठेवत होते. सात कथा वाचून कुणी खरं बोलूच शकत नाही. डोकं तिसऱ्या कथेनंतर ठोकळे रचायला लागतं. त्या वाचकाच्या सगळ्या विद्यार्थ्यांना मी स्वतः पत्र लिहिलं, हवी त्याला फी परत, हवा त्याचा स्वाध्याय मी पुन्हा वाचेन. हे काही बोलले नाहीत, मुदतठेव मोडली. जावांनी पैसे घेतले नाहीत. फेरवाचन मागितलं.

तेव्हापासून नियम कडक. एका वाचकानं दिवसाला दोनच कथा वाचायच्या. पत्रात विद्यार्थ्याची स्वतःची निदान तीन वाक्यं उतरवून त्यांच्याबद्दल बोलायचं. दुसऱ्या कुणाला लागू पडेल असं वाक्य पत्रात नको. तीन आठवडे स्वाध्याय आला नाही तर वाचकानं फोन करायचा. आणि एका वेळी चाळीसच विद्यार्थी. आमचे सीए दर वर्षी विचारतात, यंदा जीएसटीला नोंदवायचं का? सेवेला वीस लाखांच्या उलाढालीचा उंबरठा आहे. तो आम्ही लांबूनच पाहतो.

ऑगस्ट २०१९ चा महापूर सांगलीकरांना सांगायला नको. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. आमच्या भिंतीवर २००५ च्या पाण्याची खूण होती, आणि तिच्यावर वीतभर उंच म्हणून आम्ही निर्धास्त मांडण्या ठोकल्या होत्या. त्या बुडाल्या. शेरे मारून झालेल्या, टपाल बंद म्हणून अडकून पडलेल्या एकोणीस कथा खालच्या फळीवर होत्या. पाणी उतरल्यावर त्या दोरीवर टाकल्या, चिमटे लावले, इस्त्री फिरवली. बॉलपेनचं लिखाण टिकलं. जेल पेननं लिहिलेल्या पाच कथांची पानंच्या पानं निळा ढग झाली होती. पेन्सिलीला मात्र काही झालं नव्हतं. म्हणजे कथा वाहून गेलेली आणि समासात माझे शेरे शाबूत : ‘हे तिला कसं कळलं?’, ‘इथं थांबा’, ‘मावशीला नाव द्या’. तशीच ती पानं पाठवली, सोबत माफीचं पत्र. विट्याच्या एका गृहस्थांनी नुसत्या शेऱ्यांवरून कथा नव्यानं लिहिली आणि ती आधीच्यापेक्षा चांगली झाली. एका मुलीनं त्यानंतर पाकीटच पाठवलं नाही; दोनदा फोन केला, तिनं उचलला नाही. सूचनापत्रकात आता पहिलीच ओळ आहे : जेल पेन वापरू नये.

टाळेबंदीत रेल्वे थांबल्या तसं टपालही रेंगाळलं, आणि आम्ही नाइलाजानं व्हॉट्सअ‍ॅपवर आलो. तिथं फॉन्टचा तमाशा. छापखान्याच्या सवयीचे लोक जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून पाठवत, आमच्याकडे ते उघडलं की नुसती चिन्हांची रांगोळी. शेवटी युनिकोडशिवाय फाइल घेत नाही असं ठरवलं. एक फायदा नक्की झाला : मस्कत, इंदूर, बडोद्याची मराठी माणसं येऊ लागली, ज्यांना पाकिटाचा हेलपाटा परवडत नव्हता. आम्ही मात्र फाइल छापून पेन्सिलीनंच वाचतो आणि पानांचे फोटो पाठवतो. निम्मे लोक अजून टपालच मागतात. टपालही बदललंय, पाकीट टाकल्याचा पुरावा म्हणून आम्ही घ्यायचो तो पोस्टाचा शिक्क्याचा दाखला, यूपीसी, २०११ मध्ये गेला, आणि सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टातच विलीन झालं.

अलीकडे यंत्राकडून लिहून घेतलेल्या कथाही येतात. ओळखायला फार त्रास होत नाही. शुद्धलेखन माझ्यापेक्षा बरं, आणि प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी एक शहाणपणाचं वाक्य. आम्ही आरोप करत नाही. फोन करून विचारतो, तुमच्या कथेतल्या त्या घराचं दार आत उघडतं की बाहेर? ज्यानं लिहिलंय तो लगेच सांगतो, वर उंबऱ्याला ठेच कुठं लागते तेही सांगतो.

जतचे गुरुजी निवृत्तीनंतर आमच्याकडे वाचक झाले. आता आम्ही तिघं आहोत आणि त्या तिघांत ते सगळ्यांत कडक. गेल्या मार्गशीर्षात मी एक कथा लिहिली. आयुष्यातली पहिली. माहेरचं नाव घातलं, भाचीकडून टाइप करून घेतली, तिच्या पत्त्यावरून पाठवली, फीसुद्धा भरली. गुरुजींचं पत्र आलं, दोन पानं, माझी तीन वाक्यं उतरवून घेतलेली. ‘आपलं लिखाण फार स्वच्छ आहे. कुठं एक वेलांटी चुकलेली नाही. पण तुमची नायिका पहिल्या पानापासून सगळ्यांच्या चुका शोधत हिंडते, तिची स्वतःची एकही दिसत नाही. तिच्या हातून काय सांडलं ते लिहा.’

त्यांनी ओळखलं की नाही, विचारण्याची हिंमत झाली नाही. दुसरा खर्डा टेबलावर अर्धा पडून आहे. परवा भाचीचा फोन आला, “आत्या, एका सरांनी फोन केला होता. तीन आठवडे झाले म्हणाले, स्वाध्याय आला नाही.”